डाव्या खांद्याचं माप

कसबा पेठ, पुणे
१४ सप्टेंबर २०२४

चि. तेजस्विनी,

तुझा निरोप पोचला. तुझ्या आईने तो कोथिंबीर, लिंबं आणि गॅसवाल्याचा फोन यांच्या मधोमध सांगितला. "अहो, तेजू विचारतेय, हरणाच्या शिकारीला लिव्हरवाली रायफल घ्यायचीय. तीन बघितल्यात. कुठली घेऊ ते बाबांना विचार म्हणाली." मी म्हटलं, "बाबांना विचार म्हणाली, की कुणालातरी विचार म्हणाली?" तर म्हणे, "बाबांना. आता सरका, दूध उतू जातंय."

गेली एकोणीस वर्षं आपलं बोलणं 'कशी आहेस', 'बरी आहे', 'आईला देतो' एवढ्यावर भागलं आहे. त्यामुळे हा प्रश्न मी खिशात घालून दोन दिवस फिरलो. मग म्हटलं, फोनवर नीट सांगता यायचं नाही. मी लिहितो, तुझी आई फोटो काढून तुला पाठवेल. गल्लीत गणपतीचे ढोल चालू आहेत, अक्षर हललं तर ते त्यामुळे. वयामुळे नाही.

आधी शिकारीबद्दल. इथे हरणावर बंदूक रोखलीस तर थेट तुरुंग, आणि ते योग्यच आहे. तुमच्या विस्कॉन्सिनमध्ये सरकार मोजून परवाने देतं, तुझी शेजारीण मार्गरेटबाई सत्तराव्या वर्षी दर नोव्हेंबरात जाते आणि वर्षभराचं मटण फ्रीजरमध्ये भरून ठेवते, हे सगळं तुझ्या आईने मला सांगितलं आहे. तिच्याबरोबर जायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी अठ्ठावन्न वर्षं बंदुका दुरुस्त केल्या आणि आयुष्यात एक कावळासुद्धा मारला नाही, तेव्हा उपदेश करायचा मला अधिकार नाही. माझं म्हणणं एवढंच की जनावर जखमी होऊन पळता कामा नये. माणसाला न बसणारी बंदूक असली की तेच होतं. गोळी हातभर मागे लागते आणि ते बिचारं दोन दिवस झाडीत कण्हत फिरतं.

तीनही रायफलींचे फोटो पाहिले. पहिली हलकी, थर्टी-थर्टी मापाच्या गोळीची, वापरलेलं काडतूस वरच्या बाजूने बाहेर फेकणारी. दुसरी उजव्या कुशीतून फेकणारी, वर दुर्बीण बसते म्हणून तुला आवडलेली. तिसरी ती जाड नळीची, दुकानदार जिचा आग्रह करतोय. त्या दुकानदाराला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, आम्हाला हरीण मारायचं आहे, भिंत पाडायची नाही.

यातली कुठली, ते मी आत्ता सांगणार नाही. रागावू नकोस. या दुकानाचा नियम तुला पाठ आहे: आधी माप, मग लाकूड. माझ्या वडिलांच्या मापवहीत मामलेदारापासून तालमीतल्या पैलवानापर्यंत प्रत्येकाला एक पान आहे, आणि माप दिल्याशिवाय आपण कुणाच्या बंदुकीचा लाकडी दस्ता कधी केला नाही. तेव्हा कोपर काटकोनात वाकव आणि कोपराच्या खळगीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचं अंतर इंचात कळव. शिवाय उंची, आणि खांद्यापासून गालाच्या हाडापर्यंतचं अंतर. इंद्रजीतला टेप धरायला सांग. जावयाला तेवढं जमेल.

ज्ञानदेव
(बंदूक दुरुस्ती, कसबा पेठ)


४ ऑक्टोबर २०२४

चि. तेजस्विनी,

माप मिळालं. कोपर ते पेर पावणेतेरा इंच. उंची पाच फूट दोन. म्हणजे लग्नानंतर वाढलेली नाहीस. मापवहीत तुझ्या नावाचं पान काढलं. ते कोरं होतं.

आता ऐक. पहिली घे.

कारणं सांगतो. मार्गरेटबाईच्या रानात झाडी दाट आहे, पन्नास-साठ पावलांच्या पलीकडचं दिसतच नाही असं तू म्हणतेस. तिथे दुर्बीण म्हणजे नुसतं ओझं. मागच्या बाजूला नेम धरायची बारीक छिद्राची माशी बसवून घे, त्यातून पुढची माशी दिसली की नेम लागला. थर्टी-थर्टीचा धक्का तुझ्या खांद्याला सोसवेल. तिसरीचा धक्का बसला की दुसऱ्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, हे मी भल्याभल्या मिशीवाल्यांचं पाहिलं आहे. आणि काडतुसं बोथट टोकाची घे. या रायफलीत ती नळीखालच्या पुंगळीत एकामागे एक आडवी बसतात, एकाचं टोक दुसऱ्याच्या बुडाला टेकतं. टोकदार असलं आणि दणका बसला तर काय होईल ते तुला सांगायला नको, लहानपणी तू दुकानात बसूनच अभ्यास करायचीस.

दस्ता कंपनीकडून साडेतेरा इंचांचा येतो. तो तिथल्या कारागिराकडून कापून कमी करून घे. किती कापायचा ते सांगीन, पण त्याआधी एक गोष्ट.

तू उजव्या हाताचं माप पाठवलंस. टेप धरलेल्या फोटोत दिसतंय. तेजू, हे माप चुकीच्या हाताचं आहे.

तू डावखुरी आहेस. नुसत्या हाताने नाही, डोळ्यानेही. खात्री करायची असेल तर दोन्ही तळहात पुढे धरून मधे छोटी खिडकी कर, तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ बघ आणि एकेक डोळा मीट. उजवा मिटलास तरी घड्याळ खिडकीतच राहील. मला कसं माहीत, ते आत्ता विचारू नकोस.

म्हणून पहिली. लिव्हर खाली मधोमध असते, डाव्या हाताने ओढ की उजव्या, तिला फरक पडत नाही. बाकीच्या बहुतेक रायफली उजव्या माणसांनी उजव्या माणसांसाठी केलेल्या. तू डाव्या खांद्याला लावलीस की तुझा गाल दस्त्याच्या उजव्या अंगाला येणार, आणि दुसरी रायफल तप्त काडतूस तुझ्या नाकासमोरून फेकणार. पहिली वर फेकते.

तेव्हा डाव्या हाताचं माप पाठव. तोवर कुणालाही करवत लावू देऊ नकोस. तुझी आई घट बसवून उपास करते आहे, त्यामुळे मला रोज साबुदाणा. तक्रार नाही.

बाबा


२० ऑक्टोबर २०२४

तेजू,

घाईत लिहितो आहे. दस्ता कापला तर नाहीस ना?

डाव्या हाताचं माप तेरा इंच आलं, मी लगेच आईकडून निरोप दिला की अर्धा इंच काप. काल तू मार्गरेटबाईचा फोटो पाठवलास. बाई फुगलेल्या नारिंगी जाकिटात उभी, गादी गुंडाळावी तशी. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तुझं माप सुती कुडत्यातलं धरलं! आयुष्यभर पुण्यात बंदुका केल्या, फार तर जानेवारीत गिऱ्हाइकाने स्वेटर घातलेला. तुझ्या खांद्यावर अर्ध्या इंचाची गादी असणार हे मला सुचलंच नाही. जाकीट घालून दस्ता खांद्याला लावायला गेलीस की तो काखेत अडकणार, आणि तेवढ्यात हरीण घरी जाऊन जेवून येईल.

तेव्हा अर्धा नाही, एक इंच. साडेबारा. आणि कारागिरासमोर ते जाकीट घालूनच उभी राहा, लोक हसले तरी.

(एवढ्या भागाचा फोटो आईने लगेच पाठवला, आणि पुढचं लिहीपर्यंत तुझा मेसेज आला. आईच्या फोनवर नाही, माझ्या फोनवर. 'अजून कापला नाही. पुण्याचे कारागीर! इथे उणे आठ असतं.' तुझ्या आईला तीनदा वाचून दाखवला. ती म्हणाली, "बरं झालं, कुणीतरी तुमची चूक काढली. मी काढते ती तुम्हाला ऐकू येत नाही." चूक काढल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.)

सध्या दुकानात काम नाही. विधानसभेची निवडणूक लागली, सगळ्या परवानेवाल्यांच्या बंदुका पोलीस चौकीत जमा. वाघोलीचा गेनबा तेवढा येतो. पिकात डुकरं शिरतात म्हणून त्याचा परवाना. आता पीक म्हणजे चार गुंठे मका आणि बाकी सगळीकडे इमारती, पण परवाना तो सोडत नाही. बंदूक जमा केल्यापासून त्याला हात मोकळे वाटतात म्हणून इथे येऊन चहा पितो.

मीही रिकामा म्हणून तुझ्यासाठी चामड्याची गालपट्टी शिवायला घेतली आहे. दस्त्यावर चढवून दोरीने आवळायची, म्हणजे गाल टेकला की डोळा बरोबर माशीच्या छिद्रामागे येतो. बंदुकीचा भाग परदेशी पाठवायचा तर दहा परवानग्या, चामड्याला कोण विचारतं.

तुझा,
बाबा


३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

तेजू,

या पत्राचे फोटो मी स्वतः काढले आहेत. कुठे अंगठा आला असेल तर सांभाळून घे. तुझी आई भावाकडे खराडीला गेली आहे, आणि हे तिने वाचायच्या आधी तू वाचावंस असं मला वाटलं.

गालपट्टी परवा पुरी झाली. कातडं उत्तम, टाके एकसारखे, मी खूश. दुकानातल्या एका दस्त्यावर चढवून पाहिली. उंचवटा डाव्या अंगाला केला होता. म्हणजे उजव्या माणसाची. तुला पानभर ज्ञान शिकवून, डाव्या हाताचं माप समोर ठेवून, मी पट्टी शिवली ती उजव्या माणसाची. उसवून पुन्हा केली. दुसरी बरोबर आहे, काल कुरियरने निघाली. पण उसवताना एकेक टाका मला एकच गोष्ट आठवून देत होता. ती तुला सांगायची राहिली आहे.

तू नऊ वर्षांची होतीस. दुकानात मी तुला तळहातांची खिडकी करून घड्याळ बघायला लावलं होतं. आठवत नसेल. तुझा डोळा डावा निघाला. प्रसादाला डावा हात पुढे केलास की मी बोटांवर टिचकी मारायचो, तरी तो हात पुढे यायचाच. मला माहीत होतं, तेजू. आठ वर्षं आधीपासून माहीत होतं.

तू एअर रायफलमध्ये राज्य स्पर्धेला निवडली गेलीस तेव्हा मी सगळ्या पेठेला सांगितलं की पोरीचा दस्ता मी करणार. वडिलांनी ठेवलेला काश्मिरी अक्रोडाचा तुकडा होता, चाळीस वर्षं सुकलेला, त्यावर रेषा अशा की पाहत राहावं. मला धीर धरवला नाही. तुझी बारावीची परीक्षा चालू होती, आणि मी तो कापून मोकळा झालो. उजवा बाक काढला, उजव्या गालाची खोबण केली. तू आलीस तेव्हा दस्ता तयार होता. मी तुझ्या उजव्या हाताला टेप लावला, मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. लिहिलं काहीच नाही. ते माप नव्हतं, नाटक होतं.

तू म्हणालीस, "बाबा, मला दिसत नाहीये नीट." मी म्हणालो, "सवय होईल."

दोन गुणांनी तुझी राष्ट्रीय निवड हुकली. दुसऱ्या दिवशी दुकानात गेनबा होता, अजून तीन-चार जण होते. कुणीतरी विचारलं, काय झालं हो? आणि मी म्हणालो, "बंदूक चोख होती. पोरीचा हात कच्चा." तू पायरीवर उभी होतीस, हातात माझा डबा होता. तो तू ठेवलास आणि गेलीस. त्यानंतर तू बंदुकीला हात लावला नाहीस, आणि माझ्याशीही चार शब्दांपलीकडे बोलली नाहीस.

तो दस्ता मी भिंतीवर लावला. एकोणीस वर्षं गिऱ्हाइकांना दाखवला, हे माझं सगळ्यात सुंदर काम म्हणून.

तुझा हात कच्चा नव्हता. बंदूक चोख नव्हती. आणि मला ते तेव्हाही माहीत होतं. कारागीर म्हणून मी खोटं बोललो आणि बाप म्हणून तुला लोकांसमोर पाडलं. माझं चुकलं. फार चुकलं.

या पत्राला उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही. गालपट्टी मात्र लाव. दोरी फार आवळू नकोस, कातडं थंडीत आखडतं.

बाबा


१ डिसेंबर २०२४

लाडक्या तेजू,

तीन आठवडे तू काही बोलली नाहीस. मी दुकानातली सगळी ड्रॉवर आवरली, जिथे तिथे गंज काढला, तुझ्या आईच्या अडकित्त्यालासुद्धा धार लावून दिली. तिने विचारलं, "काय लिहिलंत तिला?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही हे मरताना बरोबर घेऊन जाणार." आणि पोहे करायला उठली. पोह्यांवर खोबरं जास्त होतं.

निवडणुकीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, गल्लीत गुलालाचा चिखल झालेला आणि मी दुकानाची पायरी धूत होतो. फोन वाजला. तुझा आवाज, तू रेकॉर्ड करून पाठवलेला. मी बादली तिथेच ठेवली आणि आत जाऊन ऐकला.

आता तो मला पाठ आहे. "बाबा, साठ पावलांवर होतं. एकच गोळी. जागेवर बसलं, हललंसुद्धा नाही. मार्गरेट म्हणाली, हा दस्ता तुझ्याच अंगातून निघालाय का?" मग नुसता वारा. मला वाटलं संपलं. मग तू म्हणालीस, "पत्र मिळालं होतं. माझा हात कच्चा नव्हता हे मला माहीतच होतं, बाबा. पण ते तुम्हालाही माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं."

पायरीवर साबणाचं पाणी तसंच राहिलं होतं, त्यावरून पोस्टमन घसरला. मी त्याला आत बसवून चहा पाजला. एरवी नसता पाजला.

जनावराला त्रास झाला नाही, हे ऐकून फार बरं वाटलं. तू नंतर रडलीस असं आईला म्हणालीस. रडावं. ज्याला काहीच वाटत नाही त्याच्या हातात मी बंदूक देत नाही.

आता दुकानातली गोष्ट सांगतो. गुरुवारी गेनबा चौकीतून बंदूक सोडवून तेलपाणी करायला घेऊन आला. अजून तिघे होते, त्यांच्याही बंदुका सुटल्या होत्या. गेनबाने वर पाहिलं आणि म्हणाला, "ज्ञानदेवशेठ, भितीवरचा दस्ता कुठं हाय? इकला का काय?"

मी म्हटलं, "काढला. त्यात खोट होती."

"खोट? आवं, तुमीच तर सांगायचा, असं काम पुन्यात न्हाई."

"माप न घेता केला होता. पोरगी डावखुरी, दस्ता उजवा. तिची निवड हुकली ती माझ्यामुळे. त्या दिवशी तुमच्यासमोर तिचा हात कच्चा म्हणालो, ते खोटं होतं. कारागीर कच्चा होता."

एकाने उगीचच आपल्या बंदुकीचा घोडा पुसला. मग गेनबा म्हणाला, "पोरीला सांगितलं का ह्ये?"

"सांगितलं."

"लई उशीर केला."

"हो."

"बरं. च्या सांगा मंग." आणि चहा पिऊन उठताना म्हणाला, "तिला म्हणावं, गेनबाकाका मका धाडतो." आता मका तिकडे कसा धाडायचा ते तोच जाणे.

भिंतीवर दस्ता होता तिथे रंगाचा फिका डाग राहिला आहे. राहू दे म्हटलं. विचारणाऱ्याला सांगायला बरं. मापवहीत तुझं पान मात्र भरलं. डावा हात, तेरा इंच. डावा डोळा. खाली कंसात लिहिलं, जाकिटासह साडेबारा. तारीख घातली, सही केली. शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवून बसलो होतो.

तू मे महिन्यात येते आहेस हे आईने चाळीतल्या सगळ्यांना सांगून झालं. माझी नात मैत्री आठ वर्षांची झाली, तिलाही एअर रायफल हवी आहे आणि 'आजोबांनी केलेली' हवी आहे, असं तू लिहिलंस. मी कालच लाकूडवाल्याकडे जाऊन आलो. अक्रोडाचा एक तुकडा मिळाला, पहिल्याइतका देखणा नाही, पण सरळ रेषेचा आणि कोरडा आहे.

घरी आलीस की पोरीला मीच घड्याळासमोर उभी करीन. तळहातांची खिडकी करून ती काय सांगते ते ऐकू, आणि नीट दिसत नाही म्हणाली तर पुन्हा पहिल्यापासून माप घेऊ. घाई नाही. लाकूड मी अजून कापलेलं नाही.

तुझा,
बाबा